वाट्यात गेलेलं बेट

दादा,

तुझ्या मातीला आलेल्या माणसांनी परत तेच सांगितलं. नदीवरून सगळे वर आले होते, अंगावरचे ओले कपडे अजून वाळले नव्हते, आणि मामा माझ्या पाठीवर हात ठेवून चारचौघांना सांगत होते, "असा भाऊ मिळायला नशीब लागतं. ह्यानं थोरल्यासाठी पाण्याचा मळा सोडला आणि सोता माळ घेतला." माणसं माना डोलवत होती. मी खाली बघत उभा राहिलो. ती मान दुःखानं खाली गेली असं सगळ्यांना वाटलं.

एवढी वर्षं मी हे ऐकत आलोय. प्रत्येक वेळी गप्प राहिलो, आणि ते गप्प राहणंही लोकांनी माझ्या चांगुलपणात धरलं. मामांना खरं सांगायचं तर आधी तुला सांगायला हवं होतं. ते राहिलं. म्हणून आता तुझ्याशीच बोलतोय.

आबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी आपली वाटणी झाली. आपल्यातली रीत चांगली आहे: थोरल्यानं वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचा. थोरल्यानं लबाडी केली तर वाईट वाटा त्याच्याच पदरात पडतो, म्हणून तो नीटच घालतो. तू ओसरीवर बसून दोन वाटे सांगितलेस. एकात विहिरीचा मळा, बैल आणि मोट. दुसऱ्यात माळाची जिरायत आणि नदीतलं बेट.

बेट म्हणजे काय, तर रावेतकडून पवना चिंचवडच्या अंगाला वळते तिथं दोन धारांच्या मध्ये उरलेली चिंचोळी पट्टी. गोटे, वाळू, बाभळींचं रान आणि एक म्हातारं उंबर. पावसाळ्यात निम्मी पट्टी पाण्याखाली. मामा हसले होते. "आरं, ह्ये बेट कशाला घातलंस मधी? तिथं काय बगळं जुपायचं नांगराला?"

"कुठंतरी घालाय पायजेच की," तू म्हणालास.

मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. विहिरीचा मळा मी उचलणार हे सगळे धरून चालले होते. तूही. माझी पोरं लहान, माझं वय कष्टाचं. मी म्हणालो, "मला माळ आणि बेट."

मामांनी मला जवळ घेतलं. वहिनी आतल्या दारात उभ्या होत्या, त्यांनी डोळ्यांना पदर लावला. तू मात्र माझ्याकडे नुसता बघत राहिलास आणि म्हणालास, "इचार केलास न्हवं?" तू भारावून गेलायस असं मला वाटलं. मला तसं वाटून घ्यायचं होतं.

त्या वेळी पिंपरीच्या माळावर नवा कारखाना उभा राहत होता आणि तिथं माझी नोकरी जवळजवळ ठरली होती. मी घरात कुणाला बोललो नव्हतो. शेती आता आपल्या हातून होणार नाही, एका पिकाची जिरायत कुणालाही करायला देता येईल, हा हिशेब माझ्या डोक्यात होता. तुझ्यावरची मायाही होती, दादा, ती खोटी नव्हती. तू शाळा सोडलीस म्हणून मी व्हर्नाक्युलर फायनलपर्यंत, म्हणजे सातवीपर्यंत गेलो, आणि त्या शिक्षणावरच कारखान्यात लागलो. त्याची थोडी तरी परतफेड करतोय असं मनात होतं. माया आणि सोय एकाच वेळी साधली, आणि लोकांपुढं मी फक्त माया ठेवली.

त्यानंतरचा पहिला चैत्र आठवतो. मी शिफ्टवरून येत होतो आणि तू नदीच्या काठाला, पाण्यात पाय न घालता उभा होतास. मला बघून हाक मारलीस, "सोपाना, येऊ का रं बेटावर?"

माझ्या अंगाला झोंबलं. म्हटलं, "मी काय तिथं राखण बसवलीय व्हय?"

"तसं न्हाई. तुझ्या वाट्यातलं हाय. इचारल्याबिगर पाय ठिवू न्हाई."

पुढं दरवर्षी विचारत राहिलास. मी दरवर्षी तो टोमणा समजलो. वाटलं, विहीर मिळूनही ह्याच्या पोटात दुखतंय. एकदा तर बायकोपुढं बोललोसुद्धा, "दादाला दोन्ही वाटे पाहिजे होते." तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "भावजींच्या तोंडावर बोला की मग." मी कशाचा बोलतोय.

तू बेटावर कशाला जायचास हे मला लहानपणापासून माहीत होतं, आणि तरी मला ते कळलं नाही. पोरपणी तुझ्याइतका गोफणीचा नेम आपल्या वाडीत कुणाचा नव्हता. ज्वारी निसवली की भोरड्यांचे थवे उतरायचे, आख्खं शेत एका सकाळीत मोकळं करायचे. तू मचाणावर उभा राहून दिवसभर गोफण फिरवायचास, घसा बसेपर्यंत ओरडायचास. भोरड्यांच्या आयामायांचा उद्धार तुझ्या तोंडून ऐकून आबा हसून म्हणायचे, "लेका, त्यांना मराठी येत असती तर लाजंनं मेली असती." आणि त्याच भोरड्यांसाठी, ज्वारी घरात पडली की तू चैत्रात बेटावर जाऊन बसायचास. परतीच्या वाटेवर त्या तिथल्या बाभळींवर मुक्कामाला यायच्या. मला खांद्यावर घेऊन तू धार ओलांडायचास. मी विचारलं होतं, दादा, ह्यांना तर आपण दगडं मारतो ना. तू म्हणालास, "ते पौषात. आता दाणं घरात गेलं, भांडण मिटलं. लांब जायाचंय त्यांना. निरोप द्याय नको?"

मी मोठा झालो, कारखान्यात गेलो, आणि मला ते येड्यासारखं वाटायला लागलं.

ह्या चैत्रात तू हाक मारली नाहीस. घरी आलास. माझी सुट्टी होती. दारातच उभा राहिलास आणि म्हणालास, "आज चल माझ्यासंगं. दिसभर." मी निमित्त शोधत होतो, तेवढ्यात माझ्या बायकोनं भाकरी, ठेचा आणि कांदा फडक्यात बांधून माझ्या हातात दिला. तिनं काय ओळखलं होतं कुणास ठाऊक.

धार गुडघ्याएवढीच होती. मध्यावर आल्यावर तू माझा खांदा धरलास. एवढ्या वर्षांत तू कधी माझा आधार घेतला नव्हतास. मी वळून बघितलं तर तुझा श्वास फुललेला, आणि तू हसत म्हणालास, "गोटं लई शेवाळल्यात." गोट्यांवर कुठंच शेवाळ नव्हतं.

सकाळभर आपण वाळूच्या टोकाला बसलो. परीट पक्षी शेपट्या हलवत पाण्याच्या कडेनं पळत होते. हिवाळाभर मळकट दिसणारे आता पिवळेधमक झाले होते. तू म्हणालास, "बघ, परटीण निघाली सासरी. नवं लुगडं नेसलीय. आपलं धुणं ऱ्हायलं तसंच." मी हसलो. बऱ्याच दिवसांनी हसलो, दादा. तुतवाराचं एक पाखरू दगडावर उभं राहून सारखी मान खालीवर करत होतं, आणि तू म्हणालास, तुमच्या कंपनीतला मुकादम असाच करत असंल सायबापुढं. खरंच तसाच करतो. बदकं आधीच गेली होती. पल्याडच्या काठावर नुसती पिसं पडली होती, ती तू काठीनं मला दाखवलीस.

दुपारी उंबराखाली भाकरी खाल्ली. उंबराला फळं पिकली होती आणि त्यावर थोड्या भोरड्या आधीच आल्या होत्या. काळं डोकं, काळे पंख, बाकी अंग गुलाबी. पौषात ज्वारीवर येतात तेव्हा इतक्या उजळ नसतात. जायच्या दिवसांतच असा रंग चढतो. तू वर बघत बसला होतास. मग वर बघतच म्हणालास, "बाभळी तोडाय देतोस म्हणं."

ते खरं होतं. पिंपरीच्या अंगाला वसाहती उठायला लागल्या, तशा नदीकाठानं वीटभट्ट्या लागल्या. नगरकडून आलेला एक भट्टीवाला जळणासाठी बेटावरच्या बाभळी मागत होता. मी त्याला जवळजवळ हो म्हणालो होतो. म्हटलं, "काय कामाच्या हायेत त्या? काटंच काटं."

"काटं हायेत म्हणून तर बसत्यात तिथं. मांजर चढत न्हाई."

"मग काय पाखरांसाठी राखून ठिवू?"

"तुझं हाय. तू बघ." मग थोडं थांबून, "एक चैत्र थांबता आलं तर बघ."

मला राग आला. आधी माझ्याकडून कबूल करून घेतल्यासारखं विचारायचं, आणि मग तुझं हाय म्हणायचं. मी म्हटलं, "दादा, बेटाचा एवढा सोस हुता तर ह्या वाट्यात घातलंस कशाला? मळ्याच्या वाट्यात घालायचं हुतंस. मी मळा तुला सोडला, बेट पण तुलाच आलं असतं."

तू माझ्याकडे बघितलंस. ओसरीवर बघितलं होतंस, तसंच. "सोपाना, मळा तुला घातला हुता रं," तू म्हणालास. "माळ मी उचलणार हुतो."

मग तू कुणा दुसऱ्याची गोष्ट सांगतोयस अशा आवाजात सांगत गेलास. आबांच्या आजारपणापासून तुला दम लागत होता. वहिनींनासुद्धा नीट माहीत नव्हतं. विहिरीचा मळा म्हणजे बारमाही कष्ट, मोटेमागं धावेवर बैलांबरोबर दिवसभर मागं-पुढं. ते तरण्या माणसानं करावं. जिरायत एका पिकाची, आठ महिने मोकळी. तेवढं तुला झेपलं असतं. आणि चैत्रात बेट. म्हणून ते माळाच्या वाट्यात गेलं होतं. तुझ्या वाट्यात.

"मग तवाच का न्हाई बोललास?" मी जवळजवळ ओरडलोच. उंबरावरच्या भोरड्या उडाल्या.

"वाटं घालणाऱ्यानं बोलायचं नसतं. बोलला की वाटा ऱ्हात न्हाई त्यो, भीक हुती." मग हसलास. "आणि सगळ्यांसमोर तुझं तोंड एवढं उजळलेलं. मी काय म्हणणार, न्हाई, तसं न्हवं?"

दादा, त्याच क्षणी बोलायला हवं होतं. एकच वाक्य होतं. बेट तुझं, दादा. फार तर आणखी एक, मळा मी करतो, तू माळ घे. माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्याबरोबर मला दुसरंही दिसलं. मामांच्या तोंडची ती गोष्ट, वहिनींचा तो पदर, गावात माझ्याबद्दल आदरानं बोलणारी माणसं. हे बोललो की ते सगळं संपणार होतं. मी तुझ्यासाठी काही सोडलं नव्हतं, जड ओझं तुझ्या अंगावर टाकून मोकळा झालो होतो, हे मला उघड्यावर मान्य करावं लागणार होतं. आणि मग माझ्या मनानं एक पळवाट काढली. आखिती जवळ आली होती. त्या दिवशी दिलेलं क्षय पावत नाही म्हणतात. म्हटलं, आखितीला मामांना बोलवू, जेवण घालू, आणि सगळ्यांसमोर बेट दादाला देऊ. म्हणजे पुन्हा मीच देणारा.

म्हणून मी फक्त एवढंच म्हणालो, "बघू."

तू मान हलवलीस. काही मागितलं नव्हतंस, त्यामुळं नाही म्हटल्याचंही तुला वाटलं नसेल. निदान मी तसं स्वतःला समजावतोय.

उन्हं कलली तसे थवे यायला लागले. आधी वाडीकडून थोडे, मग चाकणच्या बाजूनं मोठा लोट, मग आणखी कुठून कुठून. एकमेकांत मिसळून ते नदीवर फिरायला लागले, खळ्यावर वावटळ फिरते तसे, मध्येच दाट, मध्येच विरळ. पाण्यावर सावली यायची आणि निघून जायची. पंखांचा आवाज धोतर झटकल्यासारखा, हजार धोतरं एकदम. मग सगळे बाभळींवर कोसळले आणि आठवड्याच्या बाजारासारखा कलकलाट सुरू झाला. फांद्या खाली आल्या. तू उभा राहिला होतास. तोंड उघडं, आणि चेहऱ्यावर मला खांद्यावर घेणाऱ्या पोराचं हसू. मला तुझ्या कानाशी ओरडून विचारावं लागलं, "कधी जाणार ह्या?"

"ते कुणाला दिसत न्हाई," तूही ओरडलास. "सकाळी उडत्यात रोजच्यासारख्याच. सांजंला कुणी आलं न्हाई की समजायचं."

येताना धारेत मी स्वतःहून तुझा हात धरला. तू सोडवून घेतला नाहीस. काठावर मात्र म्हणालास, "आता सोड, माणसं बघतील, म्हातारा झाला म्हणतील."

आखिती यायच्या आत तू गेलास. ऊन चढलं होतं, मोट चालली होती. बैल थांबले म्हणून वहिनींनी वळून बघितलं तर तू धावेच्या कडेला बसला होतास, दोर हातात. ज्या मळ्याबद्दल माझं कौतुक होतं, त्याच मळ्याच्या कामावर तू गेलास. हे मी कुठल्या तोंडानं कुणाला सांगू?

दहाव्याला मी ठरवूनच घाटावर गेलो. पिंडाला कावळा शिवला नाही की जवळची माणसं एकेक करून पुढं होतात आणि गेलेल्याला शब्द देतात. पोरं सांभाळू, लेक चांगल्या घरी देऊ. मला माहीत होतं तुझा जीव कशात असेल. मी मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं. कावळा अडला की मी पुढं होणार होतो, हात जोडून मोठ्यानं म्हणणार होतो, दादा, बेट तुझं, तुझ्या पोरांचं. मामा होते, भावकी होती, सगळं गाव होतं.

भटजींनी पिंड ठेवला आणि आम्ही नीट मागं सरायच्या आतच कावळा आला. कसलाही आढेवेढा नाही. भातावर चोच मारली, मान वर केली, परत मारली. बायकांनी सुस्कारा सोडला. "सुटला गं बाई," कुणीतरी म्हणालं. मामांचे डोळे भरून आले. "काय मागं ठिवलं न्हाई त्यानं मनात," ते म्हणाले. "साधा माणूस." आणि सगळे वळले. मी तसाच उभा, जुळवलेलं वाक्य तोंडात धरून.

माझ्यावर रागावून तू कावळा अडवून धरला असतास तर मला बरं वाटलं असतं, दादा. तू तेवढंही केलं नाहीस. चारचौघांत मोठं व्हायची माझी शेवटची संधी तू काढून घेतलीस, आणि तुझ्या मनात तसं काही नव्हतंच.

तेरावं उरकल्यावर मी वहिनींकडे गेलो. त्या चुलीपुढं बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं, बेटावरचं बोलणं, आखितीचा बेत, सगळं. म्हटलं, बेट तुमच्या नावावर करून देतो. त्यांनी चुलीतली लाकडं पुढं सारली.

"त्यांना दम लागायचा, ते मला ठावं हुतं भावजी," त्या म्हणाल्या. "त्यांना वाटायचं मला ठावं न्हाई. मी पण तसंच वाटू दिलं." मग म्हणाल्या, "बेट आता दिलंत तर माझ्या पदरात पडंल. त्यांच्या कसं पडंल?" त्यात राग नव्हता. ताट वाढू का म्हणून विचारलं. मी जेवलो नाही.

तिथून उठलो तो तडक नदीकाठच्या भट्टीवर गेलो. भट्टीवाला विटांच्या थराजवळ उभा होता. मी त्याला सांगितलं की बाभळी द्यायच्या नाहीत.

"का ओ पाव्हणं? दुसरं कुणी गिऱ्हाईक आलं व्हय?"

"न्हाई. ते बेट माझं न्हाई."

तो चक्रावला. "आँ? आन इतकं दिस मग बोलनी कशाची करत हुतात? हाय तरी कुणाचं?"

"माझ्या थोरल्या भावाचं."

शेवटी ते वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं, दादा. ऐकायला मामा नाहीत, भावकी नाही, तू नाहीस. एक परगावचा माणूस, डोक्याला फडकं, हाताला माती. त्यानं हात झटकले आणि सरळ मनानं विचारलं, "मग त्यास्नीच इचारतो की. कुठं गाठ पडंल त्यांची?"